एक सूत कमी, दोन सूत जास्त

जपानमधल्या ग्योतोकुच्या कम्युनिटी हॉलमध्ये दरवर्षी आमचा गणपती बसतो, आणि दरवर्षी तिथे नव्याने आलेलं कुणीतरी मला विचारतं, "तुम्ही पण आयटीत का?" मी सांगते, "नाही, वेल्डिंग करते." मग जी शांतता पसरते ती मला आता आवडायला लागली आहे. नवखी मंडळी आधी माझ्या साडीकडे बघतात, मग हातांकडे, आणि "अय्या, म्हणजे हॉबी म्हणून?" असं विचारून स्वतःची सुटका करून घेतात. जुनी मंडळी एव्हाना शहाणी झाली आहेत. ती आरती संपली की पिशवीतून कढईचा तुटलेला कान काढतात.

तेव्हा या दिवाळीला एकदाचं लिहूनच टाकते. मी कढया सांधत नाही. म्हणजे सांधते, पण ते पोटापाण्याचं काम नव्हे. मी हॉट रॉड गाड्यांच्या फ्रेम बनवते.

हॉट रॉड म्हणजे काय, ते आधी सांगते. जुन्या काळची एखादी अमेरिकन गाडी घ्यायची. तिची बॉडी तेवढी ठेवायची आणि खालचं सगळं नवीन करायचं. इंजिन दांडगं बसवायचं, तेही बहुतेक उघडंच. गाडी जमिनीला टेकते की काय इतकी खाली बसवायची. हे सगळं ज्याच्यावर उभं राहतं ती फ्रेम. पुढपासून मागपर्यंत जाणाऱ्या दोन लांब पोलादी रेल आणि त्यांना जोडणारे आडवे, बस्स. दिसायला एखादी शिडी आडवी टाकून ठेवावी तशी. पण ही शिडी सरळ असेल तर गाडी सरळ जाते. ती तिरकी असेल तर वर कितीही रंगरंगोटी करा, गाडी खेकड्यासारखी चालते आणि मालक जन्मभर चाकांना दोष देत बसतो.

फ्रेम सरळ ठेवणं अवघड का, तर लोखंड स्वभावाने कुरकुऱ्या सासरेबुवांसारखं असतं. तापलं की फुगतं आणि निवलं की आक्रसतं, तेही आधीपेक्षा जास्त. वेल्डची शिवण ज्या बाजूला घालाल त्या बाजूला ओढ बसते. लांबच्या लांब शिवण एका दमात घातलीत तर रेलचा विळा होतो. म्हणून आधी सगळं जाड पोलादी टेबलावर क्लॅम्पने आवळायचं, शिंपी कच्चा टाका घालतो तसे टाके मारून उभं करायचं, कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पक्की शिवण. तीही बोटभर इथे, मग पार समोरच्या टोकाला बोटभर, मग उलट्या बाजूला. आणि मध्येमध्ये हात बांधून लोखंड निवण्याची वाट बघायची. वेल्डरचं निम्मं काम वाट बघण्याचं असतं, आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

मी मूळची कोल्हापूरची. उद्यमनगरात वडिलांचा वर्कशॉप होता. मी डिप्लोमा केला, दोन वर्षं मुलांना वेल्डिंग शिकवलं, आणि मग मुंबईच्या एका बँकवाल्याशी लग्न करून त्याच्या बदलीमागे जपानला आले. इथे आल्यावर नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला आठवड्यात ठरावीक तासच काम करता येतं. मी ते तास एका कारखान्यात बेंतोचे डबे भरण्यात घातले. भात, त्यावर एक लोणच्याचं बोर, शेजारी माशाचा तुकडा. मला तुच्छ लेखायचं नाही, पण हाताला येत असलेलं काम सोडून तीन वर्षं मी बोरं ठेवली, याची हळहळ अजून जात नाही.

जुन्या ग्योतोकुच्या गल्ल्यांमध्ये एके काळी देवळांच्या पालख्या बनवणारे कारागीर राहायचे. त्यातल्याच एका गल्लीतून मी सायकलवरून चालले होते, पुढच्या टोपलीत मुळे. एका घराच्या खालच्या मजल्याचं शटर अर्धं उघडं होतं आणि आतून वेल्डिंगचा निळा उजेड येत होता. माझे पाय जमिनीला टेकले आणि मान आपोआप दुसरीकडे वळली. नवखा माणूस त्या उजेडाकडे बघतोच बघतो, आणि या कामातला माणूस चुकूनही बघत नाही. उजेड थांबला. आतून एक बुटके, पांढऱ्या केसांचे गृहस्थ मुखवटा वर करून बाहेर आले.

"कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं. नाव नाही, गाव नाही, थेट हेच.

हे मोरिता-सान. बेंतो सोडून मी त्यांच्याच हाताखाली कामाला लागले. त्यांना सगळे ओयाकाता म्हणत, आमच्याकडे वस्ताद म्हणतात तसं, आणि आठवड्याभरात मीही म्हणायला लागले. वर घर, खाली वर्कशॉप. त्यांच्या पत्नी फुमिको-सान सकाळी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालून खाली यायच्या आणि टेपचं दुसरं टोक धरायच्या. लग्न झाल्यापासून हेच. ग्राइंडर चालवायचा असला की आदल्या दिवशी त्या शेजारच्या घरांत सेनबेईचे, म्हणजे तांदळाच्या बिस्किटांचे, डबे वाटून "उद्या थोडा त्रास होईल" अशी माफी मागून यायच्या. आमच्या गल्लीइतकी कुरकुरीत माफी साऱ्या जपानात कुणी खाल्ली नसेल.

ओयाकाता कमी बोलायचे. पहिल्या दिवशी मी एक पट्टी कापायला घेतली आणि सवयीने स्वतःशीच पुटपुटले, "चार सूत." त्यांनी विचारलं, हे काय? मी टेपवर अर्धा इंच दाखवला आणि सांगितलं, आमच्याकडे मिस्त्री लोक इंचाचे आठ भाग करतात, एकाला म्हणतात सूत. त्यांनी माझ्या हातातून टेप घेतला आणि त्याच जागी नख ठेवलं. मग म्हणाले, "शिबु." त्यांचे जुने नळवालेही इंचाचे तेच आठ भाग करायचे, एकाला बु म्हणायचे, आणि अर्ध्या इंचाला चार बु, म्हणजे शिबु. कोल्हापूर आणि ग्योतोकुची त्या दिवशी सोयरीक जुळली. तेव्हापासून आमच्या वर्कशॉपात सूत चालतं. फुमिको-सानही म्हणतात, फक्त त्या "सूतो" म्हणतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना गाडी इतकी खाली हवी होती, की तीत बसून ते स्टेशनजवळचं रेल्वे फाटक ओलांडू शकले नसते. ओयाकातांनी समजावलं, मी समजावलं, शेवटी फुमिको-सानांनी विचारलं, "सेन्सेई, पलीकडच्या पेशंटांचं काय?" तेव्हा पटलं. जाताना ते दात तपासायचा आपला छोटा आरसा आम्हाला देऊन गेले. कोपऱ्याच्या आतली शिवण बघायला त्याच्यासारखं हत्यार नाही. दुसरे एका देवळाचे भटजी. कामाच्या वस्त्रांतच यायचे, सरळ जमिनीवर आडवे होऊन फ्रेमखाली सरकायचे, आणि तिथूनच प्रश्न विचारायचे. त्यांची गाडी ज्वाळांच्या चित्रांची झाली. यजमानांनी बघू नये म्हणून ते ती फक्त दुसऱ्या जिल्ह्यात चालवतात.

ओयाकातांचा एक नियम होता आणि त्यात बदल नव्हता. टेबलावरून वाकडी उठलेली फ्रेम बरेच लोक जॅक लावून, तापवून सरळ करतात. ते करायचे नाहीत. "वाकवून सरळ केलेलं लोखंड मनात धरतं," म्हणायचे. वाकडी निघाली तर कापायची, भंगारात द्यायची. आणि यापुढचंही ते पहिल्यापासून सांगत आले होते, "माझ्या हातची फ्रेम ज्या दिवशी वाकडी उठेल, त्या दिवशी मी गॅसवाल्याला सिलिंडर परत देईन." वेल्डिंगचे सिलिंडर भाड्याचे असतात. ते परत गेले म्हणजे दुकान बंद. त्यांच्या हातची फ्रेम कधीच वाकडी उठली नव्हती, म्हणून हे ऐकून कुणाला काही वाटत नसे. पक्की शिवण त्यांनी कधी दुसऱ्याला घालूही दिली नव्हती. आडवे, ब्रॅकेट, पेडलचे आधार हे माझं. रेल त्यांच्या.

मग त्यांच्या डोळ्यांत ढग यायला लागले. म्हणजे आले होते आधीच, आमच्या लक्षात यायला लागले. चहा कपाशेजारी ओतला जायचा. टेप लांब धरून वाचायचे. फुमिको-सानांनी एक दिवस सगळ्या ट्यूबलाइट बदलून दुप्पट उजेडाच्या लावल्या आणि "या ट्यूबना वीज कमी लागते म्हणे" असं सांगितलं. मी खुणा जाड करायला लागले. डोळ्यांचं नाव मात्र कुणी काढेना. फुमिको-सान बोलायच्या नाहीत कारण नवऱ्याचा मान, मी बोलायची नाही कारण वस्तादांचा मान, आणि ते स्वतः बोलायचे नाहीत कारण ते बोलायचेच नाहीत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निदान उंदरांची सभा तरी भरली होती. आमची तीही नाही.

अशात जव्हेरीकाका आले. कोबेला मोत्यांचा व्यापार, तिसरी पिढी, जन्मही तिथलाच. सत्तरी ओलांडलेले. जपानी बोलायचे ते ठसकेबाज कोबेचं, आणि मुंबईच्या आजोळामुळे मराठी गुजराती वळणाचं. लहानपणी बंदराजवळ त्यांनी कुणा अमेरिकन माणसाची लाल, उघड्या इंजिनाची गाडी पाहिली होती. आयुष्यभर ती डोक्यात ठेवून आता मुलांच्या हाती धंदा दिल्यावर ते ती बनवून घ्यायला निघाले होते. दुसऱ्या कुणाची तरी फ्रेम आमच्याकडे टेबलावर होती. त्यांनी खिशातून मोती पारखायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि शिवण बघत बघत अख्खी रेल चालत गेले. चांगली शिवण म्हणजे वितळलेल्या धातूचे एकावर एक चढलेले, एकसारखे दाणे. ते एरवी आम्ही घासून गुळगुळीत करतो आणि वर रंग देतो.

"बेन, माझ्या गाडीचे हे घासायचं नाय हां," ते मला म्हणाले. "मोत्याला कोण घासते काय?"

मी ओयाकातांना सांगितलं. त्यांचे कान लाल झाले. खूश झाले की असंच व्हायचं. पण शिवण उघडी ठेवायची म्हणजे लपायला जागाच नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्या दिवशी तीनच्या चहाला ते फुमिको-सानांना म्हणाले, "ही शेवटची की नाही, ते ही फ्रेमच सांगेल. वाकडी उठली तर सिलिंडर परत."

या वेळी मात्र ऐकणाऱ्यांना वाटलं. फुमिको-सानांनी कप खाली ठेवला. मी माझा धरून बसले. त्यांचं दुकान बंद म्हणजे माझंही काम बंद. मला दुसरीकडे काम मिळालं असतं का? बेंतोच्या कारखान्यात, नक्की. आणि मला ते नको होतं. मला ही गल्ली हवी होती, ही दोघं हवी होती, आणि खरं सांगायचं तर एकदा तरी ती रेल मला शिवायची होती.

महिन्याभरात फ्रेम टाक्यांवर उभी राहिली. राहिला होता फक्त मागचा आडवा, ज्याच्या आधाराने मागची चाकं बसतात. तो कुठे बसवायचा याच्या खुणा दोन्ही रेलवर करायच्या. उजवीकडची खूण मी केली, डावीकडची ओयाकातांनी. पुढच्या टोकाला टेप धरून फुमिको-सान उभ्या. टाके मारून झाले आणि त्याच दुपारी जव्हेरीकाका शिनकानसेन बुलेट ट्रेनने येऊन दाखल झाले, फ्रेम उभी राहिलेली बघायला, डोळ्याला भिंग लावूनच.

आता कर्ण मोजायचे. त्यासाठी टेप नेहमी ओयाकाता वाचायचे, पण त्या दिवशी ते अवघडून म्हणाले, "तू वाच, माझी पाठ धरली आहे." मी वाचला. एक कर्ण वाचला, दुसरा वाचला, परत पहिला वाचला. फरक पडत होता, आणि तो डोळ्यांवर ढकलावा इतका बारीक नव्हता. मी डाव्या रेलवरची खूण फुमिको-सानांबरोबर नव्याने मोजली. दोन सूत जास्त. पाव इंच. शिवण घातली असती तर जव्हेरीकाका कोबेला तिरके गेले असते.

 ओयाकातांनी हातमोजे काढून टेबलाच्या कडेला एकावर एक ठेवले. ते तसे ठेवतात दिवस संपला की. अजून तीनचा चहाही झाला नव्हता.

"सुमिमासेन," मी म्हणाले, म्हणजे "माझं चुकलं." आणि त्याच क्षणी फुमिको-सानही म्हणाल्या, "सुमिमासेन." आणि आमच्या पाठोपाठ, खाली बघत, ओयाकाताही तेच म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेकाच्या पोटातलं ओठात आलं. ओयाकातांची खूण हल्ली एक सूत कमी पडते, हे फुमिको-सानांना माहीत होतं. म्हणून त्यांनी टेपचं टोक रेलच्या काठावर न धरता एक सूत आत धरलं. हिशेब तिथेच पुरा झाला होता. पण आपली खूण एक सूत कमी पडते, हे ओयाकातांनाही माहीत होतं. म्हणून वाचलेल्या मापात त्यांनी एक सूत वाढवून खूण केली. आणि ती खूण एक सूत कमी पडते हे मला तर कित्येक आठवड्यांपासून पाठ होतं. ती दोघं हात धुवायला गेली तेव्हा मी जुनी खूण पुसून, न मोजता, एक सूत मागच्या चाकांकडे नवी ओढून ठेवली. एवढ्या लांबीला टेप लावायला दोन माणसं लागतात, आणि दुसऱ्या माणसाला सांगायचं म्हणजे डोळ्यांचं नाव काढायचं. एका माणसाचा मान राखायला आम्ही तिघांनी, त्या माणसाला धरून, तीन वेळा तीच चूक दुरुस्त केली होती. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं म्हणतात, इथे तर तिघांची तीन भांडी.

जव्हेरीकाकांना मी हे मराठीत सांगितलं. ते इतके हसले, की त्यांचं भिंग डोळ्यावरून सुटून टेबलाखाली गेलं. मग ते त्यांच्या कोबेच्या जपानीत ओयाकातांना म्हणाले, "मोरिता-सान, मी मोत्यांचा व्यापारी, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी दोन वर्षं मुलांपासून लपवला. पुड्यांत कसले कसले मोती भरले ते देवाला माहीत. मग ऑपरेशन केलं. घरी येऊन पाहतो तर बायकोचे केस पांढरे. मला कुणी सांगितलंच नव्हतं." फुमिको-सान तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या हसत होत्या की रडत, ते मी विचारलं नाही. मी स्वतः दोन्ही करत होते.

ओयाकाता वर निघून गेले. जिना चढताना एकदाही वळले नाहीत. हातमोजे टेबलावरच. आम्हाला वाटलं, संपलं. जव्हेरीकाका बिचारे कानकोंडे झाले, "मी जास्त बोलला काय?" असं विचारायला लागले. फुमिको-सान टेबलाखालून त्यांचं भिंग शोधून काढत राहिल्या. ते सापडल्यावरही त्या बराच वेळ तिथेच वाकून बसल्या होत्या.

ओयाकाता खाली आले ते जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन. ती त्यांनी फ्रेमशेजारी मांडली आणि तीत बसले. वर्कशॉपात त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"टाके काप," ते मला म्हणाले. "टाक्यांवर असलेली फ्रेम अजून उठलेली नाही, तेव्हा ती वाकडी उठलीही नाही. आता दोन्ही बाजू तू वाच. फुमिको, तू टेप काठावर धर." मग परत माझ्याकडे वळले, "आणि शिवणही तूच घाल."

"रेलची?" मी विचारलं.

"मग काय, कढईची?" कढयांचं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

त्यानंतरचा आठवडा हा माझ्या कामातला सगळ्यात सुखाचा आठवडा. आडवा नीट बसवला, कर्ण जुळले, आणि मी रेलला हात घातला. ओयाकाता खुर्चीत डोळे मिटून बसायचे. आम्ही टिग वेल्डिंग करतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात भरणीची तार, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की उष्णता वाढते, सोडलं की कमी होते. या वेल्डिंगला फारसा आवाज नसतो, एक बारीक गुणगुण असते. त्या गुणगुणीवरून त्यांना सगळं कळायचं. "लांब धरलीस." "तार उशिरा दिलीस." बोटभर झालं की म्हणायचे, "समोरचं टोक." मग, "आता आतली बाजू." मग उठून हाताचा पालथा पंजा रेलजवळ धरायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." मग आम्ही चहा घ्यायचो. मी इतकी वर्षं त्यांना शिवण घालताना पाहिलं होतं, पण क्रम कसा ठरतो ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण ते हातात होतं आणि हात चालू होते. आता हात बसले तसं तोंड उघडलं. कुठली ओढ कुठल्या ओढीने मारायची, वळणाशी शिवण कधी आणि का शेवटी घालायची, सगळं. आठ वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या आठवड्यात बोलले. माझी मुलगी शाळेतून येताना डोकावली की मी तिच्याशी मराठीत बोलायची, ती मला जपानीत उत्तर द्यायची आणि ओयाकाता डोळे न उघडता "शूss, लोखंड ऐकतंय," म्हणायचे.

क्लॅम्प सोडायच्या दिवशी जव्हेरीकाका सकाळच्या गाडीने आले. क्लॅम्प सोडणं म्हणजे निकालच. आवळलेली असताना कुठलीही फ्रेम सरळच दिसते. मनात पीळ असेल तर क्लॅम्प सुटला की एक कोपरा टेबलावरून उचलतो, कधी आवाज करून, कधी गुपचूप. ते बघायला चारही टोकांखाली कागदाची एकेक पट्टी आधीच ठेवायची. सगळे क्लॅम्प सुटल्यावर पट्ट्या ओढायच्या. जी अलगद निघून आली तो कोपरा हवेत.

मी वर्तमानपत्र फाडायला घेतलं. जव्हेरीकाका म्हणाले, "हे जाडं हाय," आणि खिशातून मोत्यांच्या पुडीचा कागद काढला, कांद्याच्या सालीसारखा. तो कागद माझ्या बाजूने होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी एकेक क्लॅम्प सोडला, एकदा पुढचा, एकदा मागचा, ओयाकातांनी सांगितलेल्या क्रमाने. शेवटचा सोडताना माझा हात घामाने पान्यावरून घसरला. आवाज काही झाला नाही. पण गुपचूप उचलणाऱ्या कोपऱ्यांबद्दल मी वर लिहिलंच आहे.

ओयाकाता खुर्चीतून उठले. पहिली पट्टी ओढली. फाटली. दुसरी फाटली. तिसऱ्या टोकाशी त्यांना पट्टी दिसेना, म्हणून ते बोटांनी टेबल चाचपत राहिले. आमच्या तिघांपैकी आधी कुणीही पुढे होऊन दाखवली नाही, मग मी पुढे झाले आणि म्हणाले, "ओयाकाता, एक सूत डावीकडे." त्यांनी मान हलवली, पट्टी धरली आणि ओढली. फाटली. चौथी ओढायला लागले तेव्हा जव्हेरीकाकांनी डोळे मिटून घेतले होते. चौथी मधोमध फाटली आणि तिचा अर्धा तुकडा फ्रेमखालीच राहिला.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. जव्हेरीकाका खाली बसले आणि भिंग लावून रेलवरचे दाणे मोजल्यासारखे बघत राहिले. मी टेबलाला टेकून उभी राहिले. फुमिको-सान वर गेल्या आणि लाकडी डबा घेऊन खाली आल्या. त्यात सेकिहान होता. अझुकी या लाल कडधान्याचे दाणे घातलेला हा लालसर चिकट भात इथे लग्नाला, बारशाला, परीक्षा पास झाल्यावर करतात. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. या भाताचे तांदूळ अझुकीच्या पाण्यात आदल्या रात्रीच भिजत घालावे लागतात.

"आणि वाकडी निघाली असती तर?" मी हळूच विचारलं.

"तर कापायला लागली असती," फुमिको-सान म्हणाल्या. "कापायला भूक जास्त लागते."

आम्ही वर्कशॉपातच खोकी उलटी करून जेवायला बसलो. ओयाकाता मात्र भाताची वाटी हातात घेऊन फ्रेमभोवती फिरत होते. एका हाताने घास, दुसऱ्या हाताची बोटं शिवणीवरून पुढपासून मागे. उजवी रेल झाली, डावी झाली. मागच्या वळणाशी त्यांचं बोट थांबलं, थोडं मागे गेलं, परत त्याच जागी आलं.

"पुढच्या फ्रेमला," ते म्हणाले, "शिवण संपवताना पेडल सावकाश सोड. इथे खळगा राहिलाय."

फुमिको-सानांचा वाढणारा हात डब्यावर तसाच थांबला. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या वाटीत, मी नको म्हणत असताना, भाताचा आणखी एक मोठा ढीग घातला.

"हो," मी म्हणाले. "पुढच्या फ्रेमला."